रात्रीचा ब्लॉक

पाण्याची बाटली हाताशी नसेल तर दादा जेवायला बसत नाही. भाकरीचा तुकडा मोडायचा, आमटीत पुरता बुडवायचा, तोंडात टाकून चार-पाचदा चावायचा आणि वर पाण्याचा घोट. घासाला घोट. समोरच्याचं ताट आटोपून हात वाळतो तरी याची चतकोर बाकीच. मागच्या दिवाळीनंतर तो न्यू जर्सीहून महिनाभर आला होता. मी ज्वारीची भाकरी केली, पातळ, तव्यावरून थेट त्याच्या ताटात. म्हणाला, "छान झालीय गं." मग जरा थांबून, "म्हणजे झाली असणार."

चव पूर्ण परत आलेली नाही त्याची. लाळ तर जवळजवळ गेलीच. माणूस मात्र घशाच्या कॅन्सरमधून बरा झालाय, ठणठणीत म्हणावा इतका. दर तपासणीला घसा स्वच्छ, मान स्वच्छ. या बरेपणाचं बिल त्याचं तोंड भरतंय, आणि ते कमी करता येईल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, तेव्हा मध्येच फळ्यापाशी गेल्यासारखी बोलू लागले तर सांभाळून घ्या.

२०१९ चा मार्च. दाढी करताना जबड्याखाली, मानेच्या बाजूला, त्याच्या हाताला सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणूनच त्यानं तीन आठवडे लक्ष दिलं नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गाठ तिथेच. मग सुईनं तपासणी, मग स्कॅन. मूळ निघालं उजव्या टॉन्सिलमध्ये, वाटाण्याएवढं. रिपोर्टवर एक ओळ होती: पी-१६ पॉझिटिव्ह.

बातमी इकडे पोचली तशी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न. तंबाखू खायचा का? आपल्याकडे हा प्रश्न चुकीचा नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेरच्या फुटपाथवर तासभर उभं राहिलं तरी कळतं की गालाच्या आणि जिभेच्या कॅन्सरमागे कोण आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी आली २०१२ साली. टपरीवर काय टांगलेलं असतं ते सगळ्यांना दिसतं. पण आमच्या दादाला चहाखेरीज व्यसन नाही. आई फोनवर मावशीला ठणकावून सांगत होती, "सुपारीचं खांड नाही गं लावलं त्यानं कधी तोंडाला!" मग कशानं झाला, या प्रश्नाचं उत्तर आईला कुणी दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

उत्तर असं की हा ह्यूमन पॅपिलोमा विषाणूनं, एचपीव्हीनं होणारा कॅन्सर. त्याच्या शंभरांहून जास्त जाती आहेत, त्यातली सोळा नंबरची जात घशात आणि गर्भाशयाच्या मुखाशी उच्छाद मांडते. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं ती १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठीतून वेगळी काढली, २००८ चं नोबेल त्याच कामाचं. घशाशी तिचं नातं पक्कं व्हायला आणखी वेळ गेला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मॉरा गिलिसन यांच्या गटानं २००० साली दाखवलं की टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे हे कॅन्सर म्हणजे निराळाच आजार आहे. अमेरिकेत आज या विषाणूचे घशाचे कॅन्सर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपेक्षा जास्त निघतात, आणि बहुतेक पुरुषांत.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. म्हणून आईला उत्तर मिळालं नाही.

वहिनी एरवी मला थट्टेनं 'वन्सं' म्हणते. त्या रात्री अकराला फोन आला, तिकडे दुपार असणार, आणि "वन्सं, एक विचारू?" मध्ये थट्टा नव्हती. विचारायचं काय ते तिनं विचारलंच नाही, पण मला कळलं. मी तिला जे सांगितलं ते शास्त्राला धरूनच होतं. हा विषाणू सर्दीसारखा सर्रास आहे, बहुतेकांना आयुष्यात कधीतरी भेटतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. ज्यांच्यात राहतो त्यांच्यात वीस-तीस वर्षं गुपचूप पडून राहतो. पंचांग काढून तिथी शोधता येत नाही. ती "हं" म्हणाली. त्या "हं"चं पुढे काय झालं ते त्या दोघांचं त्यांना माहीत.

आणि मला आठवली आत्या. बार्शीकडच्या खेड्यात दिलेली. आम्ही शाळेत होतो तेव्हा गेली. "अंगावरून जातं" एवढंच बायका आपसात म्हणायच्या, पोरं आली की गप्प व्हायच्या. तो गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. गर्भाशयमुखाचे जवळजवळ सगळे कॅन्सर या एकाच विषाणूकुळाचे. म्हणजे आत्या आणि भाचा एकाच वैऱ्याच्या तावडीत सापडले, चाळीस वर्षांच्या अंतरानं. तिच्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, पुढे १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये जगाला कळलं की एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणीसुद्धा या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आणते. खेड्यापाड्यांतल्या त्या बायकांचे आभार कुणी मानले की नाही, कोण जाणे. घशासाठी अशी चाचणी अजून नाही.

आता पेशीतल्या दुरुस्तीकडे येते. त्यासाठी इगतपुरीला जायला हवं.

बाबा रेल्वेत गँगचे मुकादम होते. आमचं क्वार्टर रुळांपासून इतकं जवळ की गाडी गेली की भांडी वाजायची. थंडीत रूळ आकसतो आणि पहाटे तडा जातो. दार ठोठावलं जायचं, बाबा मफलर गुंडाळून निघायचे. एकाच बाजूच्या रुळाला तडा असेल तर काम सोपं, समोरच्या रुळावरून गेज धरायचा, १६७६ मिलिमीटर, आणि जोडायचं. दोन्हीकडचं गेलं की मात्र पंचाईत. मग माप कुठून घ्यायचं? शेजारची लाइन बघून. अगदीच घाई असेल तर फिशप्लेट मारायची, क्लॅम्प आवळायचे आणि गाडी दहाच्या स्पीडनं काढायची. जोड होतो, पण तो खरा जोड नव्हे. आणि काहीही झालं तरी बाबांचा निरोप गेल्याशिवाय सिग्नल हिरवा व्हायचा नाही. मेल खोळंबली तर खोळंबली.

पेशीतल्या डीएनएचा कारभार थेट असाच आहे, हे मला शिकवायला लागल्यावर ध्यानात आलं आणि मी तो असाच शिकवला. डीएनएच्या समोरासमोर दोन पट्ट्या. एका पट्टीला खोच पडली तर समोरच्या पट्टीवरून भरून काढायची. दोन्ही पट्ट्या तुटल्या तर गुणसूत्राची जुळी प्रत बघून अक्षरन्‌अक्षर जोडायचं. प्रत हाताशी नसेल तर टोकाला टोक चिकटवायचं, चार अक्षरं गळाली तर गळाली. आपल्या एकेका पेशीत रोज हजारो बारीकसारीक खोचा पडतात आणि बुजतात. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दुरुस्तीच्या कामाला मिळालं, लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार या तिघांना. स्टाफरूममध्ये रसायनवाल्या सरांनी त्यावर हक्क सांगितला. मी भांडले.

आणि सिग्नल? पी-५३ नावाचं प्रथिन. रूळ दुरुस्त नाही तोवर पेशीला विभागू द्यायचं नाही, आणि फारच मोडतोड असेल तर पेशीला मरायला लावायचं, हे त्याचं काम.

एचपीव्हीची कुंडली फार छोटी. आपल्या डीएनएत तीन अब्जांवर अक्षरं, त्याच्याकडे आठेक हजार. स्वतःची प्रत काढायचं यंत्रसुद्धा नाही जवळ. म्हणून तो पेशीचं सगळं वापरतो, आणि त्यात मौजेची गोष्ट अशी की दुरुस्तीची गँगच कामाला लावतो. तडा गेल्याची हाकाटी तो स्वतः उठवतो, गँग हत्यारं घेऊन धावते, आणि त्या हत्यारांनी याच्या प्रती निघत राहतात. जोडीला त्याची दोन प्रथिनं. ई-६ पी-५३ ला धरून पेशीच्याच कचराकुंडीत टाकतं. ई-७ दुसरा ब्रेक, आरबी नावाचा, निकामी करतं. हा ब्रेक गेल्यावर गोंधळलेली पेशी पी-१६ नावाचं आणखी एक ब्रेकचं प्रथिन भरमसाट बनवत सुटते. ते आता कशालाच लागत नाही. दादाच्या रिपोर्टवरची ओळ त्या वाया गेलेल्या ब्रेकची होती. विषाणूला कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्या पायाचे ठसे पाहिले होते.

तंबाखूच्या कॅन्सरमध्ये पी-५३ चं जनुकच बहुधा मोडलेलं असतं. विषाणूच्या कॅन्सरमध्ये ते जनुक बहुतेक वेळा शाबूत असतं, फक्त बनलेला माल लगोलग पळवला जातो. सिग्नलचा खांब उखडलेला आणि सिग्नलची वायर कापलेली, यात जो फरक तोच इथे. वायर जोडता येते.

म्हणूनच असेल, हे कॅन्सर उपचाराला लवकर नमतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे आले: तीन वर्षांनंतर विषाणूवाल्या रुग्णांपैकी ८२ टक्के हयात, बिनविषाणूवाल्यांपैकी ५७. दादाच्या डॉक्टरीणबाईंनी हे आकडे पहिल्याच भेटीत सांगितले. वहिनीनं ते फ्रिजवर चिकटवले.

उपचार मात्र दोघांनाही सारखाच. पस्तीस दिवस रेडिएशन, आपल्याकडे खेड्यातली माणसं ज्याला 'शेक' म्हणतात ते, रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या डोसचं माप), सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे; आणि मधून मधून सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. मी तिसऱ्या आठवड्यात तिकडे पोचले. त्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा केलेला होता. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात, थंड झाला की कडक. त्यानं टेबलाला खिळवून ठेवतात म्हणजे मान तसूभरही हलत नाही. घरी आला की तासभर त्याच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. पाचव्या आठवड्यात तोंडात फोड, पाणीसुद्धा काचेसारखं टोचायचं, मग पोटात नळी. मानेची कातडी तव्यावर करपलेल्या पापुद्र्यासारखी झाली. आणि कानात रातकिडे. सिस्प्लॅटिन आधी वरच्या पट्टीचे आवाज खातं. मायक्रोवेव्ह वाजून गेला तरी दादाला पत्ता नसायचा.

"रोज थोडं थोडं कशाला? एकदाच काय ते देऊन टाका," असं तो वैतागून म्हणायचा. त्याचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे आणि घशाचंच आहे. पॅरिसमध्ये क्लोद रगो यांनी मेंढ्यावर प्रयोग केले: एका दमात मोठा डोस दिला तर कातडी जळते, तोच विभागून दिला तर कातडी वाचते आणि आतलं काम होतं. १९२० च्या दशकात त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरवर हे करून दाखवलं. कारण दुरुस्ती. २ ग्रेच्या एका शेकात प्रत्येक पेशीत डीएनएच्या दोन्ही पट्ट्या ऐंशीएक ठिकाणी तुटतात. मग मधली रात्र. निरोगी पेशीची गँग रात्रभर राबून बरंचसं जोडून टाकते. गाठीतल्या पेशीची गँग गबाळी, तिचं काम अर्धवट राहतं. सकाळी पुन्हा शेक. पस्तीस रात्रींत हा फरक साचत जातो.

मुंबईकराला हे फोड करून सांगायला नको. रात्री शेवटची लोकल गेली की पहाटेच्या पहिलीपर्यंत जेवढा ब्लॉक, तेवढीच दुरुस्ती.

सहाव्या आठवड्यात दादानं विचारलं, "माझा चांगल्यातला आहे म्हणता, तर थोडं कमी नाही का करता येणार?" प्रश्न त्याला एकट्यालाच पडला नव्हता. त्याच्या आधी काही महिन्यांपूर्वीच, २०१८ च्या अखेरीस, दोन चाचण्यांचे निकाल आले होते, एक अमेरिकेतली, एक युरोपातली. सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब देऊन पाहिलं, तर त्या गटात जास्त माणसं दगावली, आणि त्रासही म्हणावा तसा कमी नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षभरापूर्वी विचारलं असतंत तर कदाचित मी हो म्हटलं असतं." पुढे २०२४ मध्ये डोस ७० वरून ६० ग्रेवर आणायच्या चाचणीतही पुरा डोसच सरस ठरला. सरसकट कमी करणं साधत नाही. मला या निकालांचा राग येतो. निकालांचा राग येऊन उपयोग नसतो हे मी मुलांना शिकवलंय.

मग वाट उरते ती गाठीचा रात्रीचा ब्लॉक काढून घेण्याची. म्हणजे शेक कमी, पण गाठीच्या गँगला हत्यारंच मिळू द्यायची नाहीत. अडचण उघड आहे: हत्यारं निरोगी पेशीचीही तीच. म्हणून विषाणूनं आधीच कुठे भगदाड पाडलंय ते शोधायचं आणि नेमकं तिथे बोट घालायचं. आणि अशी भगदाडं आहेत. प्रयोगशाळेत विषाणूवाल्या पेशींना दोन्ही पट्ट्यांचे तडे नीट जोडता येत नाहीत असं पुन्हा पुन्हा दिसलंय. जुळी प्रत बघून जोडायचं काम त्यांना जड जातं, मग फिशप्लेट मारून दहाच्या स्पीडनं चालतात.

पार्प नावाचं प्रथिन एका पट्टीच्या खोचा बुजवतं. ते औषधानं जखडलं की साध्या खोचांचे मोठे तडे होतात. निरोगी पेशी ते प्रत बघून जोडते. जिला तेच जमत नाही ती मरते. २००५ मध्ये हे ब्राका या प्रत बघून जोडायच्या कामातल्या जनुकाच्या बिघाडात दिसलं, २०१४ च्या डिसेंबरात ओलापॅरिब हे औषध बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी बाजारात आलं. विषाणूवाल्या घशाच्या पेशींनाही ते रेडिएशनपुढे हळवं करतं, हे बशीतल्या पेशींत दिसलंय.

मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते. पी-५३ आणि आरबी दोन्ही गेल्यामुळे या पेशींचे आधीचे सगळे सिग्नल बंद. विभागणीच्या अगदी तोंडाशी एकच शेवटचा सिग्नल उरतो आणि सगळी भिस्त त्याच्यावर. तो चालवणाऱ्यांपैकी एक आहे वी-वन. एडिंबराला पॉल नर्स यांना यीस्टच्या बुटक्या पेशी सापडल्या, ज्या वेळेआधीच विभागत होत्या; स्कॉटिश बोलीत 'वी' म्हणजे चिमुकलं, त्यावरून नाव. हा सिग्नल औषधानं पाडला की गाठीतली पेशी तुटक्या रुळांवरून तशीच भरधाव निघते. पुढे काय होतं ते रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना सांगायला नको.

तिसरी वाट कापलेली वायर जोडण्याची. येलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ॲझासायटिडिन हे रक्ताच्या आजारांचं जुनंच औषध या गाठींवर वापरून पाहिलं. विषाणूची जनुकं मंदावली आणि पी-५३ परतू लागलं.

यातलं काहीही आज टॉन्सिलच्या कॅन्सरसाठी रोजच्या उपचारात नाही. उंदरात जमलेलं माणसात जमतंच असं नाही, आणि ही औषधं रक्तपेशींवरही घाव घालतात. दादाला मी हे सगळं उत्साहानं सांगितलं तेव्हा त्यानं ऐकून घेतलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "म्हणजे पुढच्याला भाकरी गिळता येईल." त्याच्या मुलाला या विषाणूची लस बाराव्या वर्षीच मिळालीय, तिकडे २०११ पासून मुलग्यांनाही देतात. दादानं न वाचता सही केली होती. आपल्याकडे पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ मध्ये आली. आमच्या सोसायटीत मी तिचा विषय काढते, आणि लोक हवापाण्यावर येतात.

परत जायच्या आधी तो म्हणाला, इगतपुरीला जाऊन येऊ. बाबांचं क्वार्टर पडलंय, जागेवर घाणेरी माजलीय. आम्ही फाटकापाशी उभे होतो. सकाळचे साडेसात, धुकं. कीमन रूळ तपासत येत होता, खांद्यावर पाना, हातात हातोडा. सैल क्लिप दिसली की वाकून ठोकायचा. लहानपणी आम्ही अंथरुणात पडून तो आवाज ओळखायचो, बाबा आहेत की दुसरं कुणी ते ठोक्यावरून कळायचं.

"किती लांब आहे तो?" दादानं विचारलं.

"दिसतोय की, तो काय, खांबापाशी."

"दिसतोय गं. वाजतंय का?"

मी हो म्हटलं. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं, घोट घेतला आणि कीमनचा हात वर जाऊन खाली येताना बघत राहिला.